खाडीत गोडं पाणी साठवता येईल, पण तोंडाशी नको

विरारच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: "पावसाळ्यात वैतरणेला पूर येतो आणि ते सगळं पाणी अर्नाळा-दातिवऱ्यापाशी समुद्राला मिळतं. मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकर येतो. सिंगापूरने समुद्राच्या तोंडाशी बांध घालून गोड्या पाण्याचं तळं केलं. आपण वैतरणेच्या खाडीवर तेच का करत नाही? की इच्छाशक्तीच नाही?"

इच्छाशक्तीचं राहू द्या, ती कुठल्याच खात्याकडे कधी पुरेशी नसते. मी नोकरीची बरीच वर्षं खारभूमीच्या बांधांवर काढली आहेत, म्हणजे खाडीचं खारं पाणी एका अंगाला आणि पावसाचं गोडं पाणी दुसऱ्या अंगाला ठेवण्याच्या कामात. तुमचा प्रश्न म्हणजे तेच काम हजारपटीने मोठं करता येईल का, एवढाच आहे. सरळ उत्तर द्यायचं तर खाडीचं तोंड बांधू नये. खाडीच्या काठाला, वरच्या अंगाला, निवडून घेतलेलं पाणी साठवावं आणि त्याच्याकडून वर्षभराची नाही, उन्हाळ्याच्या शेवटच्या दोन महिन्यांची अपेक्षा ठेवावी. असं का, ते आता सांगतो.

आधी सिंगापूर. तिथलं मरीना बराज (म्हणजे दरवाज्यांचा बांध) 2008 मध्ये सुरू झालं. साडेतीनशे मीटर रुंदीच्या खाडीवर नऊ पोलादी दरवाजे, आणि भरतीच्या वेळी दरवाजे उघडता येत नाहीत म्हणून सात पंप, प्रत्येकी सेकंदाला 40 घनमीटर पाणी उपसणारे. आतलं खारं पाणी काढायला त्यांनी वेगळं काही केलं नाही. पावसाने ते हळूहळू धुऊन निघालं आणि 2010 च्या अखेरीस तळं गोडं झालं. हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण सिंगापुरात पाऊस बाराही महिने पडतो. वर्षाला साधारण 2,400 मिलीमीटर, म्हणजे आपल्या पालघरएवढाच म्हणा, पण तो वर्षभर वाटून येतो. त्यांचं तळं दर आठवड्याला थोडं रिकामं होतं आणि थोडं भरतं. आपल्याला ऑक्टोबरमध्ये भरलेलं तळं जूनपर्यंत पुरवायचं असतं. आठ महिने एक थेंब येणार नाही, वरून ऊन, बाजूने समुद्र. सिंगापूरची नक्कल करताना पहिली अडचण हीच, आणि ती कुठल्याही इच्छाशक्तीने सुटत नाही.

दुसरी गोष्ट, जी पर्यटकांना दिसत नाही. बराज बांधण्याआधी सिंगापूरने 1977 ते 1987 अशी दहा वर्षं सिंगापूर नदी आणि कलांग नदी साफ करण्यात घालवली. नदीकाठची डुकरांची आणि बदकांची पालनं हलवली, फेरीवाल्यांसाठी बाजार बांधले, घराघरातलं सांडपाणी गटारांच्या जाळ्यात घेतलं. बराज त्यानंतर वीस वर्षांनी आलं. हा क्रम उलटा केला तर काय होतं हे कोरियाने पाहिलं आहे. तिथल्या शिहवा खाडीवर 12.7 किलोमीटरचा बांध 1994 मध्ये पुरा झाला, उद्देश गोड्या पाण्याचं तळं हाच. आजूबाजूच्या कारखान्यांचं आणि वस्त्यांचं पाणी त्यात साठत गेलं, तळं कुजलं, शेवटी दरवाजे उघडून समुद्राचं पाणी आत घ्यावं लागलं. 2000 मध्ये गोड्या पाण्याची योजना अधिकृतपणे सोडून दिली. आता त्याच बांधावर भरती-ओहोटीवर चालणारं 254 मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. वीज मिळाली हे बरंच झालं, पण पिण्याचं पाणी मिळालं नाही.

आता हिशेब. मोठ्या योजनांच्या बाबतीत मला वाटतं, आधी पाटीवर गुणाकार-भागाकार करावा, चित्रं मागाहून काढावीत.

समजा पंधरा लाख लोकवस्तीचं शहर आहे. माणशी 135 लिटर धरले तर रोज 20 कोटी लिटर, म्हणजे आपल्या भाषेत 200 एमएलडी. पाऊस संपल्यापासून पुढचे 240 दिवस हे पुरवायचं तर 48 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 48 दलघमी साठा हवा. कोकणातल्या खाडीत चार मीटर वापरण्याजोगी खोली मिळाली तरी नशीब. त्यातला मीटरभर तरी ऑक्टोबर ते मे या काळात उन्हाने उडतो. उरले तीन मीटर. 48 भागिले 3, म्हणजे 16 चौरस किलोमीटरचं तळं. आपल्या खाड्यांची रुंदी सरासरी अर्धा किलोमीटर धरली तर लांबी 32 किलोमीटर. म्हणजे अख्खी खाडी, तोंडापासून पार भरती जिथे संपते तिथपर्यंत. तुमच्या एका शहरासाठी.

याच्या तुलनेत डोंगरातलं धरण बघा. मुंबईचं मध्य वैतरणा धरण सुमारे 102 मीटर उंच आहे आणि त्यात 193 दलघमीच्या वर उपयुक्त साठा आहे. दरी खोल असते, म्हणून थोड्या क्षेत्रात पुष्कळ पाणी मावतं आणि उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो. सपाट खाडीत पाणी पसरतं. मग लोक म्हणतात, खाडी खणून खोल करा. करा की! पण 48 दलघमी साठ्यासाठी तेवढाच, किंवा त्याहून जास्त, चिखल काढावा लागेल आणि तो कुठे टाकायचा याचं उत्तर कुणाकडे नसतं. त्यातही एक मेख आहे, ती पुढे येते.

खारटपणाचं गणित त्याहून निर्दयी आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलीग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे चांगल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात फक्त एक टक्का समुद्राचं पाणी शिरलं तरी 350 मिलीग्रॅमची भर पडली. दीड टक्का शिरलं की मर्यादा गेली. चार चौरस किलोमीटर असो की सोळा, तळ्याच्या सगळ्या कडा, दरवाज्यांच्या सगळ्या फटी, भरावाखालची सगळी गळती मिळून आठ महिन्यांत दीड टक्क्याच्या आत ठेवायची. एवढा घट्टपणा बांधकामात येतो, पण फुकट येत नाही.

इथे खारभूमीतलं एक साधं दृश्य सांगतो, म्हणजे आकडे डोळ्यांपुढे येतील. शेताच्या बांधात पाणी बाहेर सोडायला जी झडप असते तिला आपल्याकडे उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते, भरतीला समुद्राच्या रेट्याने आपोआप मिटते. यंत्र म्हणाल तर इतकंच. पण पावसाळा संपला की तिच्या चौकटीला कालवं धरतात. बोटाच्या पेराएवढं एक कालव फळीच्या कडेला चिकटलं की उघाडी पूर्ण मिटत नाही. फट दिसायला सुतळीएवढी असते. दोन उधाणं, म्हणजे मोठ्या भरत्या, गेली की आतल्या खाचरात भाताच्या रोपांची टोकं पिवळी पडायला लागतात, आणि शेतकरी कोयता घेऊन कालवं खरवडायला ओहोटीची वाट पाहत बसतो. मोठ्या बराजचे दरवाजेही समुद्रातच उभे असतात आणि कालवांना त्यांचा आकार मोठा आहे म्हणून काही वाटत नाही. देखभालीच्या खर्चाचं पान प्रकल्प अहवालात नेहमी सर्वांत पातळ असतं, म्हणून हे सांगितलं.

दुसरी चाचणी तुम्ही स्वतः करू शकता. ऑगस्टमध्ये, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, होडीवाल्याला सांगून खाडीच्या मधोमध थांबा. वरचं पाणी चाखा, बरंच गोडं लागेल. मग दगड बांधलेली बाटली दोरीने तळाला सोडा आणि बूच ओढून भरून घ्या. ती बाटली तोंडाला लावल्यावर थुंकाल. खारं पाणी जड असतं, ते तळाशी जिभेसारखं आत सरकतं आणि वरून पूर गेला तरी खोल डोहांत बसून राहतं. आता खाडीचं तोंड बांधून वरून दरवाजे उघडले तर जातं ते गोडं पाणी, राहतं ते खारं. म्हणून अशा बांधांना तळाशी वेगळी मोरी ठेवावी लागते, तीतून तळचं खारं पाणी आधी काढावं लागतं. आणि मघाशी म्हटलेली मेख इथेच आहे. खाडी जितकी खोल खणाल तितकं खाऱ्या पाण्याला बसायला घर मिळेल. शिवाय मे महिन्यात तळ्याची पातळी उतरून समुद्राच्या सरासरी पातळीखाली गेली, बाहेर उधाणाची भरती आली, की भरावाखालून पाणी उलट्या दिशेने, बाहेरून आत झिरपू लागतं. गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तळं खारं व्हायला लागतं. खालचे दोन-तीन मीटर कागदावर साठा म्हणून मोजायचे आणि प्रत्यक्षात हात लावायचा नाही, अशी गत होते.

आता पूर. "पुराचं पाणी साठवा" हे ऐकायला सोपं वाटतं. एक हजार घनमीटर प्रतिसेकंद असा पूर एक दिवस चालला तर 86 दलघमी पाणी जातं. मुंबईला साधारण 3,900 एमएलडी पुरवलं जातं, त्या हिशेबाने बावीस दिवसांचं. खरं आहे. पण भरतीच्या चार-पाच तासांत बराजचे दरवाजे बंद ठेवावे लागतात. पाच तासांत तो पूर 18 दलघमी पाणी आणतो. आपल्या 16 चौरस किलोमीटरच्या तळ्यात त्याने पातळी मीटरभराहून जास्त चढते. तीन हजारांचा पूर आला तर तीन मीटरहून जास्त. सिंगापूरचे सातही पंप मिळून सेकंदाला 280 घनमीटर काढतात, कोकणातल्या नदीचा पूर त्यांच्या आवाक्यातला नाही. 2019 च्या जुलैत उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली होती, ते आठवा. 2021 च्या जुलैत चिपळूण बुडालं. अशा नदीच्या तोंडाशी भरतीच्या वेळी दार लावून बसायचं असेल तर तळं जुलैत रिकामं ठेवावं लागेल.

म्हणजे करावं लागतं ते असं: जून-जुलैच्या पुराने खाडी धुऊन घ्यायची आणि पाणी सोडून द्यायचं. ते तसंही गढूळ असतं, गाळाने तळं भरून टाकतं. ऑगस्टच्या मध्यानंतर, पाणी निवळलं की, दरवाजे मिटवत न्यायचे आणि सप्टेंबरच्या पावसावर तळं भरायचं. परतीचा पाऊस लवकर आटपला तर तळं अर्धंच राहणार. अशी योजना पुराचं पाणी साठवते असं म्हणणं पुरतं खरं नाही, ती पावसाळ्याच्या शेवटाचं पाणी साठवते. यात वाईट काही नाही, फक्त पुरापासून सुटका आणि उन्हाळ्याला पाणी अशी दोन्ही आश्वासनं एकाच बांधाच्या नावावर कुणी देत असेल तर सावध राहा. एक तळं एकाच वेळी रिकामंही आणि भरलेलंही ठेवता येत नाही.

वैतरणेच्या बाबतीत आणखी काही खास गोष्टी आहेत. वैतरणा आणि सफाळे स्थानकांच्या मधोमध खाडीत वाढीव गाव आहे, दोन रेल्वे पुलांच्या मधलं बेट. खाडीची पातळी कायमची चढवून धरली की त्या गावाचं काय करायचं हे आधी ठरवावं लागेल. त्याहून मोठा प्रश्न काठच्या खाजणांचा, म्हणजे खाडीलगतच्या सखल जमिनींचा. खाडीलगतच्या सगळ्या भातशेतांचं पावसाचं पाणी उघाड्यांतून ओहोटीला बाहेर जातं. खाडीत ओहोटीच उरली नाही, पातळी स्थिर राहिली, तर उघाड्या उघडणारच नाहीत. शेतं गोड्या पाण्याने बुडतील. शेतकऱ्याला खारं पाणी लागणार नाही हा फायदा दाखवणारे अहवाल मी वाचले आहेत, निचऱ्याचा हिशेब त्यांत सहसा नसतो. तो करायचा तर प्रत्येक गटाला पंप द्यावा लागेल आणि विजेचं बिल कोण भरणार हेही लिहावं लागेल.

आणि खाडीचं तोंड. दिवसातून दोनदा काही कोटी घनमीटर पाणी आत येतं आणि बाहेर जातं, तीच अर्नाळ्याच्या मुखावरची रेती हटवणारी शक्ती असते. ये-जा थांबली की बांधाच्या बाहेर रेतीचा दांडा वाढतो. अर्नाळा-दातिवऱ्याच्या मच्छीमारांच्या होड्यांना ओहोटीला आत येता येत नाही, मग गाळ काढण्याची मागणी होते, ती दरवर्षी होते. जिताड्यासारखा मासा समुद्रात अंडी घालतो आणि खाडीत, खाजणाच्या तळ्यांत वाढतो. त्याला दोन्ही पाण्यं लागतात. केरळात वेंबनाड सरोवरावर तण्णीरमुक्कमचा बांध सत्तरच्या दशकात झाला, कुट्टनाडच्या भाताला खारं पाणी लागू नये म्हणून. तेव्हापासून दर वर्षी दरवाजे कधी मिटायचे आणि कधी उघडायचे यावर शेतकरी आणि मच्छीमार यांच्यात ओढाताण चालते, आणि मिटलेल्या महिन्यांत आत जलपर्णी माजते. गुजरातेत भरूचजवळ नर्मदेवर भाडभूतचं बराज होत आहे, त्याची पायाभरणी 2017 मध्ये झाली. तिथे हिलसा माशावर जगणाऱ्या मच्छीमारांचा विरोध त्याच कारणाने आहे. खंभातचं आखात अडवण्याची कल्पसर योजना तर कित्येक दशकं अभ्यासातच आहे. कांदळवनाबद्दल फार लिहीत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश आणि किनारा नियमन क्षेत्राचे नियम इतके स्पष्ट आहेत की खाडीभर कांदळवन बुडवणारी योजना परवानगीच्या टेबलावरच अडेल, आणि माझ्या मते अडावी.

इतकं वाचून तुम्ही म्हणाल, मग हा माणूस खाडीत पाणी साठवता येईल असं का म्हणतो? तर शांघायमुळे. यांगत्सेच्या मुखात छिंगछाओशा नावाचा जलाशय 2010-11 मध्ये सुरू झाला. क्षेत्र सत्तर चौरस किलोमीटरच्या जवळपास, शहराला रोज सात दशलक्ष घनमीटरच्या वर पाणी देण्याची क्षमता, शांघायच्या निम्म्याहून अधिक लोकांना त्याचं पाणी मिळतं. पण त्यांनी नदीचं तोंड अडवलेलं नाही. मुखातल्या एका बेटाच्या कडेला बांध वळवून नदीच्या पोटातच एक वेगळं तळं केलं आहे. नदीतलं क्लोराइड लिटरला 250 मिलीग्रॅमच्या आत असेल तेव्हा पाणी आत घ्यायचं, खारं पाणी चढलं की दार लावायचं आणि साठ्यावर जगायचं. नदीतून काहीही न घेता 68 दिवस काढता यावेत असा त्यांचा हिशेब आहे. 2022 च्या शरदात यांगत्से आटली, खारं पाणी नेहमीपेक्षा लवकर चढलं आणि शहराला धावपळ करावी लागली, हेही खरं. तरी तत्त्व पक्कं आहे: नदीला वाहू द्या, भरती-ओहोटीला येऊ-जाऊ द्या, आणि जे पाणी चांगलं आहे तेवढंच, तेव्हाच उचला.

हाँगकाँगचं प्लोव्हर कोव्ह लोक याच यादीत घालतात. 1963 च्या दुष्काळात तिथे चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी यायचं. त्यानंतर 1968 मध्ये समुद्राचा एक फाटा दोन किलोमीटरच्या बांधाने तोडून, खारं पाणी उपसून तळं केलं, पुढे उंची वाढवून क्षमता 230 दलघमीवर नेली. पण त्या फाट्यात मोठी नदी येत नव्हती, त्यामुळे पुराचा आणि गाळाचा प्रश्न नव्हता. आपल्या खाड्यांना ते लागू पडत नाही, म्हणून पुढे जातो.

वैतरणेवर शांघायची पद्धत कशी दिसेल? मनोरच्या खाली, भरतीचा जोर संपत येतो त्या पट्ट्यात, खाडीच्या पात्राबाहेर, कांदळवन सोडून, पडीक खाजणावर बांध वळवून एक किंवा दोन मोठी तळी. तळाची पातळी समुद्राच्या सरासरी पातळीच्या वर ठेवायची, खणायचं नाही. म्हणजे आतलं पाणी बहुतेक वेळ बाहेरच्यापेक्षा उंच राहतं, गळती झालीच तर आतून बाहेर होते, खारं सहसा आत येत नाही. खाडीचा चिखल पाणी अडवायला उत्तम, वजन पेलायला वाईट. म्हणून पाच-सहा मीटर उंचीचा भराव एका हंगामात चढवायचा नाही, दोन-तीन हंगामांत, खाली बसू देत देत चढवायचा. घाईघाईत चढवलेले बांध पहिल्याच पावसाळ्यात मधोमध खचतात.

पाणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर, ओहोटीच्या उत्तरार्धात, वरच्या थरातून घ्यायचं. त्यासाठी पंपाचं तोंड तळाला नाही, उंबऱ्यावर बसवायचं आणि बाजूला क्षारतामापक लावायचा, मर्यादा ओलांडली की पंप आपोआप बंद.

आता अपेक्षा कमी करून हिशेब करू. त्याच पंधरा लाखांच्या शहराला फक्त शेवटच्या साठ दिवसांचं, म्हणजे एप्रिलमध्यापासून जूनमध्यापर्यंतचं पाणी द्यायचं. ते झालं 12 दलघमी. पाच मीटर वापरण्याजोगी खोली, त्यातला एक उन्हाला, उरले चार. 12 भागिले 4, म्हणजे 3 चौरस किलोमीटर. भरायला बाष्पीभवनासकट 15 दलघमी. चाळीस दिवसांत, निम्मा वेळच पंप चालतील असं धरलं तर सेकंदाला नऊ घनमीटरच्या आसपासचे पंप. हे मोठं आहे पण अशक्य नाही, असे पंप आपण सिंचन योजनांवर बसवतो. तीन चौरस किलोमीटर जमीनही एका वेळी मिळाली नाही तर अर्धी-अर्धी घेता येते. आणि एखाद्या वर्षी मेअखेरीस क्षार हजार-दीड हजारांवर गेलेच तर त्या पातळीच्या पाण्याचं क्षार काढायला समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळ कमी वीज लागते. समुद्राच्या पाण्याला घनमीटरमागे तीन-चार युनिट, अशा मचूळ पाण्याला एखादं युनिट. मनोरीला मुंबई महापालिका समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आणते आहे, त्याच्या शेजारी ठेवून हा पर्याय तपासायला हवा.

मात्र एक बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. वर डोंगरात गारगाई, पिंजाळची धरणं प्रस्तावित आहेत, त्यांत तानसाच्या परिसरातलं जंगल आणि आदिवासी पाडे जातात. किनाऱ्यालगतचा साठा या ओझ्याला खरोखर पर्याय ठरला तर मला आनंदच आहे. पण तो त्या धरणांएवढं पाणी देणार नाही, आणि ते देतो असं सांगून कुणी धरणं टाळतो म्हणत असेल तर ते आकड्यांत बसत नाही.

जाता जाता एक गोष्ट, कारण "सगळं पाणी समुद्रात जातं" हे वाक्य मी फार ऐकतो. कोकणात सहज वापरता येईल असा मोठा पाण्याचा ऐवज पुरातला नाहीच. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सुटणारं पाणी, घ्या. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं वर्षाला 67.5 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सुटतं. भागून बघा, दिवसाला सरासरी पाच हजार दोनशे एमएलडी, म्हणजे मुंबईच्या आजच्या पुरवठ्यापेक्षाही जास्त. हे पूर नाही. हे पाणी बाराही महिने येतं, उन्हाळ्यातही येतं, निवळलेलं असतं. टाटांच्या भिवपुरी, खोपोली आणि भिरा वीजघरांचं पाणी तसंच उल्हास, पाताळगंगा आणि कुंडलिकेत येतं, आणि ते पुष्कळ प्रमाणात वापरलंही जातं. बदलापूरपासून रोह्यापर्यंतची शहरं आणि कारखाने त्यावरच उभे आहेत. वाशिष्ठीचं मात्र बहुतांश दाभोळच्या खाडीत जातं. तिथे तर खाडीत साठवायचीही गरज नाही, भरतीच्या वर एक बंधारा आणि वाहिनी पुरे. अडचण अंतराची आहे. चिपळूण-मुंबई अडीचशे किलोमीटर, आणि चिपळूण-गुहागर-दापोलीच्या ज्या वाड्यांवर मेमध्ये टँकर जातो त्या कातळाच्या सड्यावर, खाडीच्या शे-दोनशे मीटर वर आहेत. पाणी उचलायला वीज लागते, म्हणून योजना कागदावर राहतात. तरी पूर अडवण्याच्या कल्पनांवर जेवढी चर्चा होते त्याच्या चौथा हिस्सा या पाण्यावर झाली तर बरं.

राहिलं विरार. सूर्या धरणाची 403 एमएलडीची योजना वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी आहे, तिचं पाणी तुमच्या टाकीपर्यंत का पोहोचत नाही हा प्रश्न आधी विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर धरणात नाही, शहरातल्या जलवाहिन्यांत आणि टाक्यांत सापडतं. टँकरचा धंदाही तिथेच पोसला जातो.

आणि तरीही वैतरणेचं मनावर घ्यायचंच असेल तर बांधाचं चित्र काढू नका, मोजणी सुरू करा. मनोरपासून वाढीवपर्यंत खाडीवर पाच-सहा जागा ठरवा. ऑक्टोबर ते जून, दर पंधरवड्याला, एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला, भरती पूर्ण चढल्यावर, वरच्या आणि तळच्या पाण्याचं क्लोराइड मोजून ठेवा. एक होडी, एक क्षारतामापक आणि तारखांची वही एवढंच लागतं, एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय हे विद्यार्थ्यांकडून सहज करून घेईल. दोन पूर्ण वर्षं झाली की 250 मिलीग्रॅमची रेषा कोणत्या महिन्यात कुठे उभी असते ते नकाशावर काढता येईल. ती रेषा ऑक्टोबरअखेरपर्यंत तुमच्या निवडलेल्या जागेच्या खालीच राहत असेल तर तळ्याची जागा बरोबर आहे आणि पाणी घ्यायला आणखी महिनाभर मिळतो. सप्टेंबरातच वर सरकत असेल तर जागा आणखी मनोरकडे न्यावी लागेल, आणि तिथे तीन चौरस किलोमीटर सपाट पडीक जमीन आहे का, हे तलाठ्याकडच्या नकाशावर बघावं लागेल.